वायरलेस माऊस लग्नपत्रिकेच्याच कामाला अडखळतो, प्रश्नपत्रिकेला नाही. असं का?

शाईदौत (सांगली)

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात एरवी फक्त वाचायला येते, आज धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी सांगलीत घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, दुकानांची हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, अधूनमधून एखाद्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. पूर्वी डेस्कटॉप होता, वायरचा माऊस होता, सगळा संसार एका कोपऱ्यात होता. मुलीची दहावी आली आणि तो कोपरा तिच्याकडे गेला. मग लॅपटॉप घेतला आणि मी डायनिंग टेबलवर आले. वायरचा माऊस इथेही वापरून बघितला, पण जेवायच्या वेळी सगळं उचलायचं, परत मांडायचं, त्यात ती वायर एकदा आमटीच्या वाटीत जाऊन आली. तेव्हा नॅनो डोंगलवाला, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबी खोबणीत खोचायचा चिमुकला रिसीव्हर असलेला, वायरलेस माऊस आणला. साधाच आहे, एका पेन्सिल सेलवर चालतो, सातशेच्या आतला.

पहिल्याच दिवशी काचेने दगा दिला. आमच्या टेबलावर जाड काच आहे, त्यावर कर्सर जागचा हलेना. त्याचा बंदोबस्त माझा मीच केला. घरात तीनशे जीएसएमच्या मॅट कार्डावर छापून वाया गेलेल्या पत्रिका पडलेल्याच असतात. त्यातली एक माऊसखाली ठेवली. त्या पार्टीने मजकूर देतानाच आडनावातला काना खाल्ला होता, प्रूफावर सहीही करून दिली होती, आणि छापून आल्यावर डोळे उघडले. सध्या माझा माऊस त्या नवरदेवाच्या अर्धवट आडनावावरून फिरतोय आणि छान फिरतोय.

आता खरं दुखणं. काम करता करता माऊस मधेच अडखळतो. कर्सर सरकत असतो, थबकतो, आणि एकदम पेरभर पुढे उडी घेतो. नुसतं वाचत असाल, मेल बघत असाल तर चालून जाईल. पण पत्रिकेवरचा गणपती ट्रेस करायचा असतो तेव्हा कोरलड्रॉमध्ये (हे आमचं चित्रं-मांडणीचं सॉफ्टवेअर) सोंडेच्या वळणावरचा नोड, म्हणजे रेघेचा वळणबिंदू, धरून अगदी हळू ओढावा लागतो. नेमका तिथे कर्सर थबकतो. हात तोवर पुढे गेलेला असतो. मग हा उडी मारतो आणि गणपतीच्या सोंडेला कोपर फुटतं. कंट्रोल झेड, पुन्हा ओढा, पुन्हा कोपर. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसलेलं असलं की आणखी मजा. "ताई, बाप्पाचं जरा बघा की" म्हणून सांगतात.

आणि गंमत अशी की शाळेच्या प्रश्नपत्रिका करताना हे कधीही होत नाही. तासन्‌तास बसा, माऊस कसा गुणी बाळासारखा. लग्नपत्रिका उघडली की सुरू. यजमानांचं म्हणणं, पत्रिकेच्या फायली जड, लॅपटॉप दमतो. मला ते पटत नाही, कारण माऊस अडखळत असतानाच टचपॅडवर बोट फिरवलं तर कर्सर सरळ, न थांबता चालतो. लॅपटॉपच दमला असता तर तो टचपॅडवरही दमला असता ना?

सेल नवा घालून झालाय. माऊसच्या पोटाखालचं भोक इअरबडने पुसून झालंय. डोंगल काढून परत लावलाय, रिस्टार्ट केलंय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वायरलेस म्हटलं की हे असंच." वॉरंटीत आहे म्हणून दुकानात घेऊन गेले, तर तिथे त्यांच्या काउंटरवर शहाण्यासारखा चालला. माझीच शोभा.

तुळशीचं लग्न झालं की माझा फोन थांबत नाही, त्याच्या आत हे मार्गी लावायचंय. माऊसच बदलू का? ब्लूटूथवाला घेऊ का? की कोरलचंच काही सेटिंग आहे?


पावशेर

सेल बदलून बघा.


गंजका खिळा (नाशिक)

पावशेर, वाचत चला की राव. बदललाय म्हणून लिहिलंय त्यांनी.

शाईदौतताई, माझं मत स्पष्ट आहे, रागावू नका. हाताने रेघ ओढायचं काम ज्याचं आहे त्याने वायरच वापरावी. मी ऑटोकॅडवर बसतो. ऑफिसात सगळ्यांना वायरलेस दिले, मी माझा घरचा वायरवाला घेऊन गेलो. ना सेल, ना डोंगल, ना काही. वायर आमटीत जात असेल तर लॅपटॉपच्या मागून घ्या आणि पडद्याच्या बिजागरीपाशी चिकटपट्टीने एक वळसा चिकटवा, म्हणजे टेबलावर वीतभरच वायर उरते. तीनशे-चारशेत विषय संपला.

शिवाय विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाचं बटण असतं, ते बंद करा. नाव चांगलं आहे पण काम उलटं. ते चालू असताना हात जोरात हलवला की कर्सर जास्त अंतर जातो, हळू हलवला की कमी. ट्रेसिंग करणाऱ्याला हाताचा आणि कर्सरचा हिशोब कायम एकच हवा. याने तुमचं अडखळणं जाणार नाही, पण वळणं नीट येतील.


सोल्डरिंग (पुणे)

ताई, तुमची तक्रार वाचून बरं वाटलं. म्हणजे त्रास झाला म्हणून नव्हे. तपासणी अर्धी तुम्हीच करून ठेवलीय म्हणून. टचपॅड नीट चालतोय हे तुम्ही बघितलंत, तिथेच कोरल आणि लॅपटॉप दोघेही सुटले. दुकानात माऊस चालला, म्हणजे बहुतेक माऊसही सुटला. उरलं काय, तर माऊस आणि डोंगल यांच्यामधली हवा.

मी बरीच वर्षं तपकीर गल्लीत दुरुस्तीच्या टेबलावर होतो, आता घरूनच कामं घेतो. एवढंच सांगा:

डोंगल लॅपटॉपच्या कुठल्या बाजूला आणि कुठल्या रंगाच्या खोबणीत आहे? लग्नाच्या फायली लॅपटॉपमध्येच असतात की बाहेर कशात? घरातलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर आहे की ५ वर, माहीत असल्यास. आणि टेबलाशेजारी मायक्रोवेव्ह ओव्हन आहे का?

ब्लूटूथ घ्यायची घाई करू नका. खिळेसाहेब, तुम्हीही थांबा जरा.


शाईदौत

सोल्डरिंगदादा, लगेच उठून बघितलं.

उजव्या बाजूला शेजारी शेजारी दोन खोबणी आहेत, दोन्हींच्या आत निळं प्लास्टिक. डाव्या बाजूला एक आहे, ती आतून काळी. डोंगल उजवीकडच्या पुढच्या निळ्यात, कारण मी उजव्या हाताने माऊस धरते, जवळ बरा म्हणून तिकडे. वायफायचं मला कळत नाही, राऊटर हॉलमध्ये आहे. ओव्हन आमच्याकडे नाही, सगळं गॅसवरच गरम होतं.

फायलींचं विचारलंत ते बरं केलंत. प्रश्नपत्रिका लॅपटॉपमध्येच असतात, त्यांची साईज ती काय. लग्नाची कामं मात्र सगळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. जुन्या पत्रिका, बॉर्डरी, गणपती, कलश, वाजंत्री, फोटोग्राफरांकडून आलेले भले मोठे फोटो, सगळं तिथे. पत्रिका करायला बसले की डिस्क लावायचीच. ती लागते उजवीकडच्या दुसऱ्या निळ्या खोबणीत. डोंगलच्या अगदी मागे. डिस्कची केबल डोंगलला चिकटूनच जाते.

लिहिता लिहिता मला कळायला लागलंय तुम्ही काय म्हणणार ते.


सोल्डरिंग

सापडला चोर.

तुमचा माऊस आणि डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. आकड्यात सांगायचं तर २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ ही पट्टी. तिथे वेगळा परवाना काढावा लागत नाही म्हणून वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस कीबोर्ड, सगळ्यांनी तिथेच बिऱ्हाड केलंय. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्टीत तापतो, म्हणून विचारलं. पण ओव्हन सोडला तर बाकीची मंडळी एकमेकांना सांभाळून घेतात, एका चॅनलवर गर्दी झाली की दुसरीकडे सरकतात. तुमचा त्रास वेगळा आहे.

निळी खोबण म्हणजे यूएसबी ३. त्यातून सेकंदाला ५ अब्ज बिट पळतात. तारेतून एवढ्या वेगाने माहिती पळवली की थोडा रेडिओ गोंगाट बाहेर सांडतोच. तो एखाद्या ठिकाणी टोकदार नसतो, खालपासून पार ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरट असतो, आणि २.४ त्याच्या बरोबर पोटात येतं. पसरट असल्यामुळे चॅनल बदलूनही सुटका नाही. हा गोंगाट डिस्कच्या डबीतून येतो, केबलीतून येतो, खोबणीच्या तोंडातून येतो. तुमचा डोंगल त्या तोंडापासून बोटभर अंतरावर, वर केबल त्याला टेकलेली. आणि माऊस बिचारा हातभर लांबून, एका पेन्सिल सेलवर, मिलिवॉटच्या हिशोबातल्या ताकदीने काहीतरी सांगतोय. मांडवात बँडवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसा आणि फोनवर बोलायचा प्रयत्न करा, तसं झालंय डोंगलचं. माऊसकडून आलेले काही निरोप त्याला ऐकूच येत नाहीत, तेवढा वेळ कर्सर थबकतो. पुढचा निरोप पोचला की उडी.

हे माझ्या मनाचं नाही. इंटेलनेच २०१२ मध्ये यूएसबी ३ आणि २.४ गिगाहर्ट्झची वायरलेस उपकरणं या विषयावर तांत्रिक टिपण काढलं होतं. त्यांचं सांगणं सोपं: बनवणाऱ्यांनी खोबणीला आणि उपकरणाला धातूचं वेष्टण नीट द्यावं, आणि रिसीव्हर तिथून लांब असावा. वेष्टण आपल्या हातात नाही, लांब ठेवणं आहे.

खात्री करायची असेल तर पत्रिका उघडून माऊस गोल गोल फिरवत बसा. अडखळायला लागला की फाईल बंद करा, डिस्क रीतसर इजेक्ट करून केबल उपटा आणि परत फिरवा. डिस्कचा दिवा लुकलुकत नसला म्हणून ती गप्प आहे असं समजू नका, जोडणी जागी आहे तोवर कुजबुज चालूच असते.

उपाय फुकटचा: डोंगल डावीकडच्या काळ्या खोबणीत लावा. ती यूएसबी २ आहे, आणि डोंगलला त्याहून जास्त वेग लागतच नाही. निळी खोबण त्याला देणं म्हणजे वाया घालवणं. मधे अख्खा लॅपटॉप आला तरी तुमच्या माऊसपर्यंतचं अंतर फार वाढत नाही. तरीही कुरकुर राहिली तर यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन केबल मिळते, अर्धा मीटर वगैरे. ती लावून डोंगल माऊसजवळच आणून ठेवा. शंभर-दीडशेच्या पुढे जात नाही. डिस्क मात्र निळ्यातच राहू दे, नाहीतर फोटो उघडायला वेळ लागेल.

आणि काचेबद्दल. माऊसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. तो पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराच्या वर बारीक फोटो काढतो आणि एकावर एक ठेवून किती सरकलं ते मोजतो. स्वच्छ काचेत त्याला धरायला काही मिळतच नाही. कागदाचा खरखरीतपणा त्याला आवडतो. तुमच्या नवरदेवाचं आडनाव योग्य जागी कामाला लागलंय.


परसदार (श्टुटगार्ट)

सोल्डरिंग यांना अनुमोदन. आमच्याकडे ऑफिसात डॉकिंग स्टेशन (लॅपटॉपला सगळ्या केबली एकत्र जोडायचा डबा) आलं तेव्हा हाच प्रकार झाला. सगळ्यांनी डोंगल डॉकच्या मागे खोचले, शेजारी मॉनिटरच्या आणि डिस्कच्या केबली. आठवडाभर आयटीवाल्यांच्या नावाने शंख चालला होता. मग कुणीतरी डोंगल काढून पुढच्या बाजूला लावला. टाइप-सीचे ते छोटे चपटे हब घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, चार खोबणी खेटून असतात आणि आपण सगळ्या भरतो.

ब्लूटूथबद्दल ताईंनी विचारलंय म्हणून. पट्टी तीच, २.४. पण लॅपटॉपचा ब्लूटूथ अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला किंवा बिजागरीपाशी असतो, खोबणींपासून जरा दूर, त्यामुळे हा विशिष्ट त्रास कमी होतो. शिवाय खोबण मोकळी राहते. उलट बाजू अशी की लॅपटॉप झोपेतून उठला की माऊस जोडला जायला एखाद-दोन क्षण लागतात, आणि कधी लॅपटॉप फॉरमॅट करायची वेळ आली तर विंडोज येईपर्यंत ब्लूटूथ माऊस बहुतेक वेळा मुका. डोंगलवाला तिथेही चालतो.

अजून एक, फारसं कुणी बोलत नाही म्हणून. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी 'माऊसजॅक' म्हणून प्रकार दाखवला. अनेक कंपन्यांच्या डोंगलांना बाहेरून कुणीही खोटे निरोप पाठवू शकत होतं, अगदी कीबोर्डची बटणं दाबल्यासारखे. माऊसकडून येणारी माहिती बऱ्याचदा कूटबद्धच नसायची. नंतर काहींनी दुरुस्ती दिली. फार जुना डोंगल वापरत असाल तर कंपनीच्या साईटवर अपडेट आहे का बघून घ्यावं.


शाईदौत

परसदार, माहितीबद्दल आभार, पण माझ्या लॅपटॉपमध्ये घुसून कुणी नेणार काय तर शंभर प्रकारचे कलश आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. येऊ द्या.

(पतसंस्थेच्या अहवालाचं मात्र मनावर घेतलं. अपडेट बघते.)


दमट हवा (चिपळूण)

इथे माऊसचे जाणकार जमलेत तर आमच्याकडचंही ऐका. मी सायबर कॅफे आणि झेरॉक्स चालवतो. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की माऊस अडखळत नाहीत, ते दोनदा क्लिक होतात. एकदा दाबा, फाईल उघडून बसते. ओढायला जावं तर मधेच सुटते. गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आला.

माऊस उघडला की कळतं. उघडायचा कसा हे कुणी सांगत नाही: खाली ज्या काळ्या गुळगुळीत पट्ट्या असतात त्यांच्याखाली स्क्रू लपवलेले असतात, आणि एक हमखास सेलच्या खणात स्टिकरच्या मागे. वरचं झाकण निघालं की दोन बटणांच्या खाली दोन काळ्या चौकोनी डब्या दिसतात, नखाएवढ्या. त्या मायक्रोस्विच. नखाने डबीचं टोपण उचकटलं की आत तांब्याची एक वाकवलेली पाती असते, ती टचकन खाली येऊन टेकते तोच आपल्याला ऐकू येणारा क्लिक. त्या टेकण्याच्या जागी काळपट थर धरतो, किंवा पातीचा ताण जातो. मग एका दाबण्यात ती दोनदा टेकते. मी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारतो. काही महिने चालतो. पाती काढून परत बसवायच्या फंदात पडू नका, ती उडते आणि आयुष्यात सापडत नाही. स्विचच बदलायचा, वीस-पंचवीसला मिळतो, पण डाग द्यायचा, म्हणजे सोल्डरिंगचा, हात हवा.

चाक फिरवल्यावर पान खाली जाता जाता वर उडत असेल तर तेही धुळीचंच. चाकाच्या कडेला केस गुंडाळलेले निघतात. आमच्या दुकानात मांजर आहे, बाकी समजून घ्या.

आणि ताई, माऊसच्या पोटाखाली लाल उजेड दिसत नाही म्हणून तो मेला असं समजू नका. वायरलेसमध्ये बऱ्याचदा इन्फ्रारेड असतो, डोळ्याला दिसत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट ठिपका दिसतो. लोक चांगले चालते माऊस माझ्याकडे टाकून जातात.


गंजका खिळा

डबल क्लिक वायरच्या माऊसलाही होतं, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. बाकी माझं म्हणणं कायम.

ताई, ट्रेसिंग एवढं असेल तर पेन टॅबलेट का नाही घेत?


शाईदौत

आता हिशोब देते.

रात्री सगळे झोपल्यावर बसले. एका मुंजीची पत्रिका उघडली, डिस्क लावलेली, डोंगल आपल्या जुन्या जागी. बटूच्या हातातला दंड ओढायला घेतला. अडखळला. फाईल बंद, डिस्क इजेक्ट, केबल काढली. लॅपटॉपमधलीच दुसरी फाईल उघडून तसाच दंड ओढला, तर सरळ. परत डिस्क लावली, परत अडखळला. आता एवढं कळल्यावर केबलच डोंगलपासून जरा वर उचलून धरली, तर अडखळणं कमी झालं! पूर्ण गेलं नाही, पण कमी. एका हाताने केबल अधांतरी धरून दुसऱ्या हाताने माऊस फिरवतेय, हे बघायला पाणी प्यायला उठलेली लेक दारात उभी. काही न बोलता परत गेली.

मग डोंगल डावीकडच्या काळ्या खोबणीत. एकदम नव्याण्णव टक्के बरं. फक्त माऊस कार्डाच्या अगदी उजव्या टोकाला गेला, आणि मधे माझा पाण्याचा स्टीलचा तांब्या असला, की एखादी उचकी लागायची. तांब्या हलवला. तरी मन भरेना म्हणून सकाळी स्टेशन रोडच्या दुकानातून एक्स्टेन्शन केबल आणली. ती लॅपटॉपच्या मागून फिरवून उजवीकडे काढली आणि डोंगलचं टोक पडद्याच्या मागेच डबल टेपने टेबलाच्या कडेला चिकटवलं. डिस्कची केबल दुसऱ्या बाजूने नेली. आता गणपतीच्या सोंडेला कोपर नाही. काल एका पार्टीने शेजारी बसून बॉर्डरीतली वेल तीनदा बदलून घेतली, एकदाही कंट्रोल झेड माऊसमुळे करावा लागला नाही. पार्टीमुळे करावा लागला तो वेगळा.

दुकानदाराला सांगितलं, तर म्हणतो, "असं काही नसतं मॅडम, केबल नवीन आहे म्हणून चाललं." सोडून दिलं.

खिळेदादा, 'एन्हान्स' बंद केलं. पहिला तासभर हात परका झाल्यासारखा वाटला, आता बरं वाटतंय, वळणं खरंच एका हातात येतात. अगदी बारीक सरकवायचं असेल तिथे मी ॲरो कीच वापरते, जुनी सवय. पेन टॅबलेट मुलीच्या क्लासमध्ये धरून बघितला होता. मला कागदावर पेन्सिल आणि पडद्यावर माऊस, असंच जमतं. पंचवीस वर्षांचा हात आहे, आता कुठे शिकवू त्याला.

वायरवर परत यायचं म्हणाल, तर नाही. जेवायच्या वेळी लॅपटॉप मिटायचा, माऊस त्याच्यावर ठेवायचा, दोन्ही फ्रिजवर. डोंगलची केबल तिथेच कडेला चिकटलेली. हे सुख मी सोडणार नाही. वायरचा माऊस कपाटात ठेवलाय, एप्रिल-मे मध्ये ऐन गर्दीत सेल संपला तर असावा म्हणून.

आणखी एक छोटं. टाइप करताना तळहात टचपॅडला लागून कर्सर भलत्याच ओळीत जायचा, विशेषतः प्रश्नपत्रिकेत. विंडोज ११ मध्ये सेटिंगमध्ये टचपॅडखाली 'माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' अशा अर्थाची खूण आहे, ती काढली. माऊस असेपर्यंत टचपॅड बंद. कुणाला उपयोग झाला तर बघा.


पावशेर

सेल कुठला वापरता?


शाईदौत

तुमचा सेलवर फार जीव आहे.

अल्कलाइन. रिमोटमधले स्वस्तातले एकदा घातले होते, ते लवकर गळाले आणि खणातली स्प्रिंग हिरवी पडली, चिंचेच्या पाण्याने नाही, कोरड्या ब्रशने घासून काढली. माऊसमधून निघालेला अल्कलाइन सेल भिंतीवरच्या घड्याळात घालते, तिथे त्याचे आणखी बरेच दिवस जातात. रिचार्जेबलवर कुणाचा अनुभव असेल तर सांगा.


दमट हवा

कॅफेत रिचार्जेबलच वापरतो. एक समजून घ्या, साधा सेल दीड व्होल्टचा, रिचार्जेबल निकेलवाला १.२ चा. त्यामुळे माऊसचा बॅटरीचा लाल दिवा लवकर लागतो, पण तो लागल्यावरही माऊस चालत राहतो. घाबरून काढू नका. मात्र पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियमचे सेल टॉर्चसाठी मिळतात, ते चुकूनही माऊसमध्ये घालू नका. माऊस जातो. लिथियमचा घ्यायचाच असेल तर वर दीड व्होल्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.


कडीपत्ता (डोंबिवली)

धागा वाचून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला डोंगल लावायला गेले तर डोंगलच नाही! मुलाने बॅगेत लॅपटॉप कोंबताना पडला बहुतेक. माऊस आहे, सेल आहे. नुसता डोंगल मिळतो का बाजारात?


सोल्डरिंग

ताई, माऊसच्या पाठीवर किंवा पोटाखाली काही चिन्ह आहे का बघा. काही कंपन्यांचे डोंगल सामाईक असतात, एका डोंगलला त्याच कंपनीचे अनेक माऊस-कीबोर्ड जोडता येतात. तसा असेल तर त्यांचा सुटा डोंगल विकत मिळतो आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरने माऊस परत जोडता येतो. पण स्वस्तातल्या बऱ्याच माऊसची डोंगलशी गाठ कारखान्यातच बांधलेली असते. तिथे दुसरा डोंगल चालत नाही, अगदी त्याच मॉडेलचा आणलात तरी. पोटाखाली जोडणीचं, म्हणजे पेअरिंगचं छोटं बटण असेल, किंवा ब्लूटूथची खूण असेल, तर आशा आहे. काहीच नसेल तर आधी बॅगेचे कप्पे उलटे करून झटका. या खेपेला तेच स्वस्त.


कडीपत्ता

पोटाखाली काहीच नाही, नुसता ऑन-ऑफचा खटका. बॅग झटकली, तीन पेनांची टोपणं आणि एक खारी मिळाली.


शाईदौत

कडीपत्ता, मुलाच्या लॅपटॉपची खोबण नीट बघा आधी. माझ्या पुतण्याचा डोंगल आत लावलेलाच होता, एवढा बुटका असतो की दिसला नव्हता. आणि सेलच्या खणातही बघा, शेजारी डोंगलसाठी एक खाच असते बऱ्याच माऊसमध्ये.


कडीपत्ता

खणातच होता. मुलानेच ठेवला होता म्हणे, "मग हरवला असता ना". लावला डाव्या बाजूला, चालतोय.